पाण्यापासून लांबची जागा

पोर्ट ऑस्टिन, मिशिगन
१४ जानेवारी

प्रिय आर्डिथ,

माझा नॉर्बर्ट गेला तेव्हा तुमच्याकडून आलेलं कार्ड मिळालं होतं. उत्तर द्यायला तीन महिने लावले, त्याबद्दल रागावू नकोस. कार्डावर दोघांच्या नावाने सही तुझ्या वेंडेलनेच ठोकलेली होती. तुझं अक्षर दिसलं नाही, आणि दफनाच्या दिवशी चर्चच्या दारात तूही दिसली नाहीस. मी वाट पाहिली. एवढं सांगून टाकते आणि विषय संपवते, कारण मनात ठेवलं की मला पित्त होतं, हे तुला ठाऊक आहे.

आता कामाचं. बर्च पॉइंट यंदा बंद राहणार आहे. सगळं कॅम्पग्राउंड उखडून सांडपाण्याचे नवे नळ घालणार आहेत, नवी न्हाणीघरं बांधणार आहेत. बावीस वर्षं सप्टेंबरात, पोरंटोरं शाळेत गेली आणि काठ शांत झाला की आपण चौघं तिथे शेजारी-शेजारी आपापले राहायचे ट्रेलर लावायचो. वर्षातले दहा दिवस. बाकीच्या वर्षात ना मी तुझं घर पाहिलं, ना तू माझं. तरी माझी सगळ्यात जवळची मैत्रीण कोण असं कोणी विचारलं तर मी तुझंच नाव सांगते, आणि ऐकणारा चकित होतो.

तर दुसरी जागा शोधायला हवी. उजवा तळवा डोळ्यांसमोर धर, आपल्या मिशिगनचा नकाशाच तो, म्हणजे सांगते. करंगळीच्या टोकाला एक स्टेट पार्क आहे, काठाला अगदी लागून जागा, सूर्य समोरच्या पाण्यात बुडतो. तू करंगळीच्या मुळाशी जन्मलेली, तुला तो किनारा माहेरच्यासारखा. दुसरं मधल्या बोटाच्या पहिल्या पेरावर आहे, छोटं तळं, पाणी इतकं स्वच्छ की नाणं पडलं तर दिसतं. मी इथे अंगठ्याच्या टोकावर बसून दोन्हींकडे सारखीच लांब आहे, तेव्हा तू म्हणशील ते. वेंडेलला मात्र कागदाचा नकाशा दे. ज्याचं राज्य पंजासारखं नाही त्या इंडियानाच्या माणसाला आपलं हे बोटांवरचं बोलणं कळायचं नाही. बावीस वर्षं फाटकावर बाहेरच्यांचा जादा दर भरतोय, पण एकदाही तळवा वर करून रस्ता सांगितला नाही त्याने.

आमचा डेनिस म्हणतो, आई, ट्रेलर विकून टाक. मी अजून तो गाडीला जोडून मागे घ्यायलासुद्धा शिकले नाही, ते काम नॉर्बर्टचं होतं. खरं सांगू का, तुम्ही येणार असाल तर मी ट्रेलर ठेवीन. नाहीतर ठेवून काय करू? एकटीने शेकोटीसमोर बसायचं तर घरी टीव्हीसमोर बसलेलं काय वाईट? पत्त्यांतला युकरचा डाव चौघांचा असतो, तो आता तिघांत कसा खेळायचा ते आपण तिथे ठरवू.

मार्चच्या मध्यात सप्टेंबरचं बुकिंग उघडतं. त्याआधी कळव.

तुझी,
लिओना


गोशेन, इंडियाना
२ फेब्रुवारी

प्रिय लिओना,

आर्डिथची मनगटं थंडीने धरली आहेत, म्हणून पत्र मी लिहितोय. माझं अक्षर वाचता आलं तर देवाचे आभार मान.

नॉर्बर्टच्या वेळी आम्ही आलो नाही. गाडी बिघडली होती. नॉर्बर्टसारखा शेजारी मला पुन्हा मिळणार नाही. ट्रेलरच्या कारखान्यात मी एकतीस वर्षं काढली, पण गळणारं छत कसं दुरुस्त करायचं ते मला त्याने शिकवलं.

आर्डिथ म्हणते, करंगळीच्या टोकावरचं पार्क नको. तिथे वारा फार. छोट्या तळ्यावर डास असतात. तिचं म्हणणं असं की, यंदा पाण्यापासून जरा लांबची जागा बघावी. आत-बाहेर जायला एकच फाटक असलेलं, दिवे भरपूर असलेलं एखादं पार्क. न्हाणीघर जवळ हवं. पाणी दिसलं नाही तरी चालेल.

ट्रेलर विकू नकोस.

वेंडेल


पोर्ट ऑस्टिन
१२ फेब्रुवारी

प्रिय वेंडेल,

सप्टेंबरात डास? तुमच्या इंडियानात ते काय नाताळपर्यंत चावतात?

आणि पाणी दिसलं नाही तरी चालेल, हे कोण म्हणतंय? बर्च पॉइंटला काठावरची जागा मिळावी म्हणून आदल्या रात्री फाटकाबाहेर ट्रकमध्ये झोपलेला माणूस तूच ना? सकाळी पार्कच्या पोरीने काच वाजवली तेव्हा तू दचकून भोंगा दाबलास आणि सगळं कॅम्पग्राउंड जागं केलंस. आर्डिथ तर सकाळची कॉफी पाय पाण्यात सोडल्याशिवाय पीत नसे. तिला पाण्यापासून लांब बसायचंय, यावर माझा विश्वास बसत नाही. तिला म्हणावं, मनगट दुखत असेल तर डाव्या हाताने दोन ओळी खरड. मी वाचून घेईन.

तरी तुझ्या मनासारखं एक शोधलंय. अनामिकेच्या दुसऱ्या पेरावर. एकच फाटक, दिवे, नवं न्हाणीघर. तळं आहे, पण जागांपासून दोनेकशे पावलं लांब, मधे झाडी. माझ्या मते ही चांगली तडजोड आहे.

इथे सरोवर गोठून पांढरं पडलंय. बीटाच्या शेतांत बर्फाशिवाय काही नाही. बर्फ ढकलणारा ट्रक जातो तेव्हा मी खिडकीतून हात करते, तो चालवणाराही करतो. काही दिवस तेवढंच बोलणं. दुपारी थर्मास घेऊन कोठारात जाते आणि ट्रेलरमध्ये माझ्या बाजूच्या बाकावर बसते. नॉर्बर्टच्या बाजूला अजून त्याची टोपी आहे. कॉफी संपली की घरी येते. हे डेनिसला सांगितलेलं नाही, तूही आर्डिथशिवाय कोणाला सांगू नकोस.

लिओना


गोशेन
१ मार्च

प्रिय लिओना,

अनामिका कुठली ते मला शोधावं लागलं. मग नकाशा उघडला.

ते पार्कही नको. दोनशे पावलं फार जवळ. म्हणजे, रात्री बेडूक ओरडतात. आर्डिथची झोप आता हलकी झाली आहे. मला एक पार्क सापडलंय, राज्याच्या मधोमध जंगलात, तिथे तळंच नाही. ओढासुद्धा नाही. पाइनची झाडं आणि रेतीच्या वाटा. भोवती कुंपण आहे. आर्डिथला ते आवडलं.

ती ठीक आहे. दोन ओळी लिहायला सांगितलं, म्हणाली नंतर. फोन करू नकोस, आमचा फोन नीट चालत नाही.

वेंडेल


पोर्ट ऑस्टिन
९ मार्च

वेंडेल,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. कुंपण असलेलं, तळं नसलेलं जंगल. मला न आवडणाऱ्या जागी मी येणारच नाही असं वाटून तू मुद्दाम अशी जागा काढलीस का, हा प्रश्न मला सुरुवातीलाच पडायला हवा होता, तो आत्ता पडला.

आधी वारा, मग डास, मग बेडूक. पुढच्या पत्रात खारी येतील. तुला खोटं बोलता येत नाही, युकर खेळतानाही कधी आलं नाही. चांगला हात आला की तुझे कान लाल होतात. आर्डिथ दोन ओळी लिहीत नाही आणि फोन चालत नाही. अंत्यविधीला गाडी बिघडली. मी म्हातारी झालेय, मूर्ख नाही.

दोन जोडपी असतात तेव्हा सगळं सोपं असतं, हे मला कळतं. नवरा गेलेली बाई शेकोटीला येऊन बसली की सगळ्यांना गप्प बसावंसं वाटतं. चर्चमधल्या माझ्या मैत्रिणीही आता जेवायला बोलावताना सोबत एखादी दुसरी विधवा बोलावतात, म्हणजे माझी सोय होते. पण तुम्ही दोघं तसे नाही असं मी धरून चालले होते. तुम्हाला मी नको असेन तर सरळ सांगायचं होतं. मला वाईट वाटलं असतं, पण मार्चपर्यंत मूर्खासारखी पार्कांची माहिती तरी गोळा करत बसले नसते.

पुढच्या आठवड्यात बुकिंग उघडतंय. मी करत नाही. ईस्टरनंतर बॅड ॲक्स गावचा एक माणूस ट्रेलर बघायला येणार आहे. आर्डिथला माझं प्रेम सांग, तिला ते अजून हवं असेल तर.

लिओना


गोशेन
२० मार्च

प्रिय लिओना,

त्या माणसाला येऊ देऊ नकोस. आधी हे वाच.

आर्डिथचं डोकं चालत नाही आता. दोन वर्षांपासून जातंय. पहिल्यांदा चाव्या, मग दिवस, मग नावं. गेल्या सप्टेंबरात बर्च पॉइंटला ती हुकमाचा पत्ता ओळखू शकली नाही, तू हसलीस आणि तीही हसली, ते आठवतं? रात्री ट्रेलरमध्ये ती रडली. मला म्हणाली, लिओनाला कळता कामा नये. तिच्यासमोर मी जशी आहे तशी राहू दे, जगात एक तरी जागा अशी राहू दे. मी शब्द दिला. तो पाळायचा म्हणून तुला असली पत्रं लिहिली. वारा आणि डास माझेच.

गाडी बिघडली नव्हती. नॉर्बर्टला पुरलं त्या सकाळी आम्ही निघायच्या तयारीत होतो. तिला काळा ड्रेस घातला. मी गाडीत तेल घालून आलो तर दार उघडं. ती शेजाऱ्याच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, काळ्या ड्रेससकट. म्हणाली, लवकर ये, त्यांच्या आधी काठावरची जागा धरायचीय. त्यानंतर तीनदा गेली. पाणी दिसलं की चालू लागते, घाबरत नाही. म्हणून पाण्याजवळची कुठलीच जागा मला नको होती. पार्काची पुस्तिका घेऊन मी रात्री बसायचो आणि बाकी लोक जे शोधतात ते नसलेलं पार्क शोधायचो.

मग घरीच का राहिलो नाही, असं विचारशील. दहा दिवस तुझ्यासोबत ती जुन्यासारखी राहील असं मला वाटायचं. मलाही दहा दिवस हवे होते. इथे दिवसभर माझा आवाज मीच ऐकतो. मुलगी ओरेगनमध्ये, तिला मी ठीक आहे सांगतो. तुलाही तेच सांगत होतो. तुझं बर्फाच्या ट्रकवाल्याचं वाचलं तेव्हा पत्र खाली ठेवून उठलो आणि उगाच गवत कापायचं यंत्र साफ केलं.

आता ती फार बोलत नाही. खिडकीशी बसते. उजव्या हाताचा अंगठा डाव्या मुठीत घट्ट धरून ठेवते, तासन्‌तास. डॉक्टर म्हणाले, या आजारात हात काहीतरी एकच गोष्ट करत राहतात, त्याला अर्थ नसतो. मी मूठ सोडवतो, ती पुन्हा धरते. कातडी सोलवटून लाल झाली. शेवटी तिच्या जुन्या लोकरीच्या हातमोज्यांत, वेगवेगळी बोटं नसलेल्या त्या, हात घालून मनगटाशी बांधून ठेवतो. तसं करताना मला लाज वाटते.

तू आम्हाला नको होतीस असं पुन्हा मनातही आणू नकोस.

वेंडेल


पोर्ट ऑस्टिन
२५ मार्च

वेंडेल,

आधी तिचे हातमोजे काढ. पत्राचं बाकीचं नंतर वाच.

काढलेस? आता तुझा उजवा तळवा तोंडासमोर धर, बोटं वर. तो मिशिगन आहे. बावीस वर्षं तुझ्यासमोर आम्ही हे करतोय आणि तू नकाशा उघडत बसलास. तिचं गाव करंगळीच्या मुळाशी. बर्च पॉइंट मधल्या बोटाखाली. आणि मी कुठे राहते? इथे सगळे विचारतात, तू कुठली, तेव्हा मी काय म्हणते? अंगठ्यातली. नावपत्ता कोणी सांगत नाही, नुसता अंगठा धरून दाखवतात. आर्डिथही दर वर्षी सामान बांधताना तेच करायची. ट्रकच्या खिडकीतून हात बाहेर काढायची, स्वतःचा अंगठा धरून हलवायची. म्हणजे, पोचलीस की पत्र टाक. तू तेव्हा आरशात बघून ट्रेलर मागे घेत असायचास.

तिला माझं नाव आठवत नाही म्हणून ती हाताने सांगतेय. किती दिवस सांगतेय. तिच्या डॉक्टरांचा जन्म मिशिगनमधला नसावा.

मी हे लिहिते आहे आणि मला नीट दिसत नाही. ती तिथे माझी आठवण काढत होती आणि मी इथे बसून तुम्ही मला टाळता म्हणून कुढत होते. तुझ्यावर मी रागावलेली नाही. तू शब्द पाळलास. पण यापुढे पाळू नकोस.

बुकिंग मी केलंय, आज सकाळी. आमच्या अंगठ्यातलं पार्क, माझ्या घरापासून अर्ध्या तासावर. मागच्या रांगेतल्या दोन शेजारच्या जागा, पाणी झाडांपलीकडे. माझा ट्रेलर मी पाण्याच्या बाजूने आडवा लावीन, म्हणजे तिला जायचं तर माझ्या दारावरून जावं लागेल. मी पहाटे उठतेच. मी दाराशी खुर्ची टाकून बसेन.

बॅड ॲक्सच्या माणसाला फोन करून नाही म्हणून सांगितलं.

तुमची,
लिओना


गोशेन
३ जून

प्रिय लिओना,

इतके दिवस लिहिलं नाही. सुरुवात बरेचदा केली.

तुझं पत्र आलं त्या दिवशी हातमोजे काढले आणि शेगडीत टाकले. मग तिच्यासमोर बसून मी माझा उजवा तळवा वर धरला. आयुष्यात पहिल्यांदा. विचारलं, आर्डिथ, लिओना कुठे आहे? ती बराच वेळ हाताकडे बघत राहिली. मग माझा अंगठा धरला आणि मला म्हणाली, "एवढा वेळ लागतो का रे?" महिनाभरात ती काही बोलली असेल तर एवढंच.

एप्रिल चांगला गेला. मी तळवा धरायचा, तिने अंगठा धरायचा. तू येणार आहेस असं मी रोज सांगायचो आणि रोज तिला ते नवं वाटायचं. मे महिन्यात ती जिन्यावरून पडली. कंबरेचं हाड मोडलं. दवाखान्यातून तिला घरी नेऊ देत नाहीत, माझ्या एकट्याच्याने ती उचलली जात नाही हे मलाही कळतं. तशा आजाराच्या माणसांना सांभाळतात त्या एका ठिकाणी तिला ठेवलंय, घरापासून दहा मिनिटांवर. रात्रीपुरतं बाहेर न्यायला परवानगी नाही. सप्टेंबरात येणं जमणार नाही. आमची जागा सोडून दे, तुझी ठेव.

घरात आता दार उघडं राहिलं तरी काही होत नाही. मी तरी उठून बघतो.

तू जा, लिओना. डेनिसला घेऊन जा. कोणीतरी त्या शेकोटीशी बसायला हवं.

वेंडेल


पोर्ट ऑस्टिन
१२ जून

प्रिय वेंडेल,

दोन्ही जागा सोडल्या. नवीन पार्क निवडलंय, तुला विचारलं नाही, विचारलं असतं तर तू पुन्हा बेडूक काढले असतेस.

इंडियानात, टर्टल लेक नावाचं एक स्टेट पार्क आहे. आर्डिथ आहे तिथून अकरा मैल. काठाला लागूनच जागा मिळाली, कारण तुमच्याकडे तिला फारशी मागणी दिसत नाही. ज्याला तुम्ही तळं म्हणता तसल्या डबक्यावर आमच्याकडे गुरं पाणी प्यायला जातात, असं मी नॉर्बर्टला म्हणायचे ते तुझ्या कानावर आलं असेल. आता मीच तिथे दहा दिवस राहणार आहे आणि फाटकावर बाहेरच्यांचा जादा दर भरणार आहे. आर्डिथला हे नीट सांग. समजलं तर ती हसेल, नाही समजलं तर तू हस.

ट्रेलर मागे घ्यायला शिकतेय. शेजारचा एल्मर रोज संध्याकाळी बीटाच्या गाडीशेजारी उभा राहून हातवारे करतो. एक टपालपेटी आणि त्याच्या बायकोचं गुलाबाचं झाड चाकांखाली गेलं. काल ट्रेलर पहिल्यांदा सरळ गेला. मी उतरून नॉर्बर्टच्या टोपीला सांगितलं.

एक विचारायचं राहिलं. इंडियाना हातावर दाखवता येत नाही, मग तुम्ही लोक तुमचं गाव कुठे आहे ते दाखवता तरी कसं? शब्दांनीच?

लिओना


गोशेन
२ नोव्हेंबर

प्रिय लिओना,

तू पोचल्याचं पत्र मिळालं. ट्रेलर कोठारात सरळ गेला हे वाचून आनंद झाला. इथे पानं गळून संपली.

सप्टेंबरातले ते दहा दिवस मनात पुन्हापुन्हा येतात. पहिल्या दिवशी तू तिच्या खोलीच्या दारात उभी राहिलीस आणि तिने तुला ओळखलं नाही, तेव्हा तू व्हरांड्यात जाऊन नाक शिंकरलंस आणि परत आलीस. ते मी पाहिलं होतं. मग तू खुर्ची ओढून बसलीस, स्वतःचा उजवा हात तिच्या मांडीवर ठेवलास आणि तिने न बघता तुझा अंगठा धरला. दहाही दिवस. तिथल्या नर्सने विचारलं, या तुमच्या बहीण का, आणि तू म्हणालीस, नाही, शेजारीण.

शेवटच्या दुपारी त्यांनी गाडीतून तिला टर्टल लेकवर आणू दिलं, तेही आठवतं. आपण तिची चाकाची खुर्ची ट्रेलरच्या सावलीत लावली, पाण्याकडे पाठ करून, आणि तिने मान वळवून वळवून शेवटी पाणी बघितलंच. तू म्हणालीस, "फिरव रे तिला. आता कुठे जाणार आहे ती?" मी फिरवली. ती तासभर बघत बसली. आपण दोघांनी दोन हातांचा युकर खेळायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला.

तू गेल्यापासून एक बदल झाला आहे. तिने अंगठा धरणं सोडलं. दोन्ही हात मांडीवर उघडे असतात. कातडी भरून आली, नर्स खूश आहे. मी तळवा पुढे धरतो तर ती त्यावर आपला हात ठेवते, माझ्या बोटांवर, कुठेही. तिला हवं होतं ते मिळालं म्हणून तिने सोडलं, की तेवढंही आता विसरली, हे मला कळत नाही. मी बराच विचार केला. तू असतीस तर ठामपणे काहीतरी एक सांगितलं असतंस, आणि ते मी मानलं असतं.

तू विचारलं होतंस, आम्ही गाव कसं दाखवतो. आम्ही दाखवत नाही. विचारणाराच कोणी नसतो फारसा.

काल संध्याकाळी तिच्याकडून आलो, सूप गरम केलं, टेबलाशी बसलो. अंधार पडला तरी दिवा लावला नव्हता. सूप गार झालं होतं. चमचा उचलायला गेलो तेव्हा लक्षात आलं, माझा उजवा अंगठा माझ्या डाव्या मुठीत होता. किती वेळ तसा बसलो होतो कोण जाणे.

इथे हे कोणाला सांगून कळलं नसतं. म्हणून तुला लिहिलं.

वेंडेल